परातीच्या काठावरचा घुमारा

सर, तुमच्या पेटीवरून सध्या मोठी भांडणं लागली आहेत. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून खो खो हसला असतात. तुमच्या मागे इंटरनेट नावाचा एक प्रकार आला. एकानं काहीतरी लिहायचं आणि जगातल्या कुणीही ते वाचून खाली आपलं मत ठोकून द्यायचं, असा तो चव्हाटा आहे. माझ्या मुलानं घरी कॉम्प्युटर घेतला आणि एका रविवारी मला म्हणाला, "आई, आपल्या जालन्याकडचा एक जुना इलेक्ट्रॉनिक ग्रुप आहे, त्याच्यावर लोक वेडे झालेत, ऐक." त्यानं बटण दाबलं आणि आपल्या ग्रुपची कॅसेट सुरू झाली. मी मेथी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली. सूर लागायच्या आधी तो येतो ना, खालचा, पोटात उतरणारा घुमारा, तो आला. मुलगा म्हणाला, "हाच. हा आवाज कुठल्या सिंथेसायझरचा, तेच कुणाला कळत नाहीये." मी म्हटलं, "असेल कुठला तरी." आणि पुन्हा मेथी निवडायला लागले. या बाबतीत खोटं बोलायला मला अजिबात वेळ लागत नाही, वीस वर्षांची सवय आहे.

मग मी रोज वाचायला लागले. पुण्यातला एक मुलगा म्हणतो, यंत्र जपानी होतं आणि त्यातला काही भाग बिघडलेला होता, म्हणून असा आवाज. औरंगाबादचा एक जण छातीठोकपणे सांगतो की हैदराबादच्या कुठल्याशा जुन्या खानदानाकडून विकत घेतलेला रशियन सिंथेसायझर होता. त्याच्या मामानं म्हणे डोळ्यांनी पाहिला. एक जण जर्मनीत नोकरीला आहे. तो जास्त शिकलेला. त्यानं आवाजाचा आलेख काढून दाखवलाय की घुमारा मध्येच दबतो आणि पुन्हा उसळतो, कुणीतरी श्वास घेतल्यासारखा, तेव्हा वादकाच्या पायाशी पेडल असलंच पाहिजे. पेडल कुठल्या बनावटीचं यावर आठवडाभर वाद चालला. कॅसेटच्या कव्हरवरचा आपला फोटो मोठा करून त्यांनी पेटीच्या दर्शनी पत्र्यावर बाण काढलेत. पत्र्याची वरची कड गोल वळलेली दिसते. असा वळणदार पत्रा एका दुर्मीळ इटालियन यंत्रालाच असायचा, असं आता जवळजवळ ठरलंय. सर, ती काकूंची परात आहे. त्याच फोटोत डावीकडे माझा कोपर आणि अर्धी वेणी आलीय. 'ही बाई कोण?' असं एकानं विचारलंय आणि दुसऱ्यानं उत्तर दिलंय, 'गायिका असावी.' मला किती गाता येतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! सातवीत प्रार्थनेच्या वेळी तुम्हीच मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही तालुक्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर, मी तुमची जुनी विद्यार्थिनी आणि आता त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक, वय बावीस. काकू चुलीपुढे. खिडकीखाली तुम्ही मांडी घालून बसला आहात, पुढ्यात मोडक्या हार्मोनियमचा सांगाडा, त्यात रेडिओचे, टीव्हीचे निघतील ते भाग आणि जालन्याच्या भंगारातून उचललेला एक बोजड ट्रान्सफॉर्मर. सगळं जमलंय, फक्त पुढून लावायला पत्रा नाही. तुमची नजर घरभर फिरते आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जर्मनच्या परातीवर थांबते. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात हे त्या जर्मनीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं. काकू पाणी आणायला बाहेर जातात आणि घागर घेऊन परत येतात तोवर परातीचे दोन तुकडे झालेले असतात.

"आवो, मी पीठ कशात मळू आता?"

"उद्या दुसरी आणतो."

"उद्या! माझ्या परातीत हे सा रे ग म मळून राह्यले, अन् पोरी, तू नुसती बघून राह्यलीस व्हय गं?"

मी नुसती बघतच होते. नंतरही माझ्या हातून तेच झालं.

पेटीला तुम्ही जीव लावला, पण तिच्यावर विश्वास कधी ठेवला नाही. "ट्रान्सफॉर्मर जुना हाय, आतून कवा दगा दील सांगता येत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तुमचे तीन नियम होते. वाजवताना पायात रबरी चप्पल हवी. पायाखाली लाकडी पाट हवा. आणि ज्या गावात कार्यक्रम, त्या गावात आपलं स्वतःचं अर्थिंग हवं. मी आणि आपला ढोलकीवाला हातभर खोल खड्डा खणायचो, त्यात लोखंडी पाटी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, पाटीपासून एक तार पेटीच्या पत्र्याला आणून स्क्रूनं आवळायची. म्हणजे पत्र्यात वीज उतरलीच तर ती तुमच्या अंगातून न जाता तारेवाटे जमिनीत जाईल. आपली जमीन कोरडी, तिच्यात वीज सहजी मुरत नाही, म्हणून वर घागरभर पाणी ओतायचं. पिंपळगाव रेणुकाईला एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "मास्तर, हितं काय पेरून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "करंट." सगळा घोळका हसला. पण पेटी सुरू करायच्या आधी तुम्ही मान वर करून मला विचारायचातच, "पाणी पाजलं का?" मी म्हणायची, "पाजलं, सर." तेवढं झाल्याशिवाय तुम्ही बटणाला हात लावत नव्हतात.

पहिल्या कार्यक्रमानंतर तुम्ही मला एक टेस्टर दिला. पेनाएवढा, टोकाला स्क्रू पिळायची सोय, आत इवलासा दिवा. धातूला टेकवला आणि वरून बोट ठेवलं की त्यात वीज असेल तर तो दिवा लागतो. तुम्ही म्हणालात, "पोरी, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको. आधी हे लावून बघ." मला वडिलांनी घेतलेल्या घड्याळापेक्षा त्याचं अप्रूप होतं. तो अजून माझ्याकडे आहे, म्हणजे मागच्या आठवड्यापर्यंत होता.

कॅसेटचा दिवस आठवतो? जालन्याला बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती. माडीवर खड्डा कुठं खणणार, म्हणून तार नळाच्या पाइपाला बांधली. पाटही खालीच गाडीत राहिला होता. तुम्ही पहिलं गाणं सुरू केलं आणि त्या खोलीत कुणीतरी नवीन आल्यासारखा तो घुमारा उठला. तुमचा उजवा हात सुरांवर, डावा सवयीनं परातीच्या काठावर. डावा हात टेकला की घुमारा खाली बसायचा, उचलला की उठायचा. रेकॉर्डिंगवाला काचेमागून ओरडला, "मास्तर, ये क्या लगाया? बिलकुल नवी चीज है!" ढोलकीवाला नाचायचाच बाकी होता. अख्खी कॅसेट तशीच झाली. शेवटचं गाणं संपल्यावर तुम्ही डावा हात झटकलात, माझ्याकडून टेस्टर मागून घेतलात आणि काठाला लावलात. दिवा लागला. नळाचा पाइप खालून तुटलेला होता, कधीचाच.

तुमचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "हसून काय राह्यले? हा पेटीचा आवाज न्हाई! पत्र्यात करंट उतरलाय. माझा हात लागला की तो माझ्यातून जाऊन राह्यलाय, म्हणून आवाज दबतो. हात उचलला की पुन्हा वर येतो. चप्पल होती म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागलं. ह्या आवाजाला माणूस लागतो, कळतं का? ज्या दिवशी कुणी ही तार सोडील, त्या दिवशी ग्रुप बंद." रेकॉर्डिंगवाल्याकडे पुन्हा वेळ नव्हता. कॅसेट तशीच निघाली. तुमचा श्वास, तुमच्या मुंग्या, सगळं भरून.

आणि ती चालली, सर. गावोगावच्या टपऱ्यांवर, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात वाजायला लागली. मग लोक कार्यक्रमाला यायचे आणि तोंड वाकडं करायचे. अर्थिंग नीट असलं की पेटी स्वच्छ वाजायची, अगदी शाळेच्या प्रार्थनेसारखी. "कॅसेटवानी वाजून न्हाई राह्यलं," असं पहिल्या रांगेतूनच ऐकू यायचं. तुम्ही रात्रंदिवस खपून बॅटरीवरचं एक छोटं सर्किट जुळवलंत, नकली घुमारा काढणारं, आणि त्याची कळ परातीच्या काठाखाली बसवलीत, डाव्या तळव्यानं दाबली की घुमारा खाली येईल अशी. घुमारा निघाला, पण किरकिरा. सुपाऱ्या कमी झाल्या. माझ्या घरी वडील म्हणाले, "नाव होतं तोवर जाऊ दिलं. आता बस झालं. चैत्र सरला की स्थळं बघायची." तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. मला लग्न नको होतं असं नाही. मला तो खड्डा खणायचा होता, ती तार आवळायची होती, एखाद्या अनोळखी गावात चार हजार डोळ्यांपुढे तालाच्या डबीची, ठेका धरणाऱ्या त्या छोट्या यंत्राची, बटणं दाबायची होती. ग्रुप बंद पडला की मी संपले, असं मला त्या वयात अगदी खरं वाटत होतं.

म्हणून मी तार सोडली. तुमच्याच टेस्टरच्या टोकानं. पेटीवर कापड झाकलेलं असायचं, त्याखाली हात घालून पत्र्यामागचा स्क्रू चार आटे सैल केला की झालं. तार जागच्या जागी दिसायची, पण टेकलेली नसायची. मी स्वतःला समजावलं की चप्पल आहे, पाट आहे, दोन आडोसे पुरेत. पहिल्या गावी काही झालं नाही, पाटामुळे तुमच्या हाताला मुंग्याही आल्या नाहीत. दुसऱ्याही गावी नाही. घुमारा मात्र असा उठला की लोकांनी तीच तीच गाणी पुन्हा वाजवायला लावली. परत येताना गाडीत तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "जमलं, पोरी! माझं सर्किट जमलं एकदाचं!" तुमचा चेहरा असा उजळला होता. मी म्हटलं, "हो सर, जमलं."

तिसरं गाव देवीच्या यात्रेचं. त्या गावाचं नाव मी गेली वीस वर्षं उच्चारलेलं नाही, इथंही लिहीत नाही. चैत्रातली दुपार, ऊन असं की बाहेर मांडलेलं स्टेज तापून निघालेलं. गावकरी म्हणाले, देवीच्या सभामंडपातच बसा, सावली आहे. शहाबादी फरशी नुकतीच धुतलेली, त्यावर नारळ फुटत होते, नारळाचं पाणी पावलांनी सगळीकडे पसरलेलं. मी मंडपामागे खड्डा खणला, पाटी पुरली, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं. एक घागर नव्हे, दोन. आणि आत येऊन कापडाखाली हात घालून स्क्रू सैल केला. तेवढ्यात पुजारी आले. "मास्तर, देवीपुढं चप्पल घालून बसता का?" तुम्ही हसून म्हणालात, "तसं न्हाई बाबा, पाटावर पाय ठेवून बसतो, चप्पल काढतो." तर कुणीतरी आलं आणि तो पाट देवीच्या मुखवट्याखाली ठेवायला घेऊन गेलं. यात्रा होती, पाट देवीला लागत होता, कोण नाही म्हणणार? आता तुमच्या तीन नियमांपैकी एकच राहिला होता. तुम्ही मान वर केलीत आणि मला विचारलंत, "पाणी पाजलं का?"

मी म्हटलं, "पाजलं, सर."

शब्द खरा होता. दोन घागरी पाजलं होतं. तुम्ही टेस्टर मागितला नाहीत. मला रोज सांगायचात, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको, आणि त्या दिवशी स्वतः माझ्या सांगण्यावर गेलात. तुम्ही चप्पल काढलीत, एकावर एक ठेवलीत, बाजूला सरकवलीत. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'सर, एक मिनिट थांबा, स्क्रू बघते.' एवढंच तर म्हणायचं होतं. पेटी सुरू करायच्या आधी तुम्ही सर्किटला हात लावून माझ्याकडे बघून हसलात आणि मला वाटलं, आता सांगितलं तर कळेल की सर्किट जमलेलं नाही. मला वाटलं, पहिलं गाणं होऊ दे, मधल्या वेळात आवळते.

घुमारा उठला तो तोवरच्या सगळ्यांहून मोठा. मंडपाचे खांब वाजत होते. तुम्ही उजव्या हातानं अख्खं गाणं वाजवलंत, डावा हात नुसताच मांडीवर, कारण घुमारा दाबायची गरजच पडत नव्हती. शेवटच्या ओळीला, घुमारा खाली आणायला म्हणून, तुम्ही डावा तळवा काठावर ठेवलात. घुमारा खाली आला. आणखी खाली आला. तुमची मान पुढे झुकली. लोकांना वाटलं मास्तरांनी देवीला नमस्कार केला, आणि त्या सगळ्या मंडपानं हात जोडले. घुमारा परत वर आला नाही. मी बटणाकडे धावले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

त्या गोंधळात लोक तुम्हाला उचलून बाहेर नेत होते आणि मी पेटीपाशी एकटी होते. मी स्क्रू आवळला. चारही आटे मोजून, हे मला नीट आठवतं. गावचा वायरमन आला, त्यानं तार ओढून पाहिली, म्हणाला, अर्थिंग बराबर हाय. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, देवीपुढं गेले, भाग्यवान. काकू ओसरीत बसल्या होत्या, त्यांनी एकच विचारलं, "पाणी पाजलं व्हतं का गं?" मी म्हटलं, "पाजलं होतं, काकू." त्या म्हणाल्या, "मंग त्यांची वेळच आल्ती." आणि मलाच जवळ घेऊन थोपटत राहिल्या. दिवाळीच्या आत माझं लग्न झालं. ज्याच्यासाठी स्क्रू सैल केला ते टळलं तर नाहीच.

हे सगळं पुरून टाकलं होतं. पण गर्दीत कुणाकडे तरी टेपरेकॉर्डर होता. ती यात्रेची टेप आता इंटरनेटवर आली आहे, आणि ते भांडणारे लोक तिला सगळ्यात मोलाची मानतात. तिच्या शेवटी घुमारा खाली खाली जातो, मग टाळ्या, मग एक बारीक खटका. तो खटका माझा, बटण बंद केल्याचा. त्या शेवटाला त्यांनी नाव दिलंय, 'शेवटचा उतार'. जर्मनीवाल्यानं त्याचाही आलेख काढलाय. म्हणतो, इतका सलग उतार माणसाच्या हातानं काढता येणार नाही, हे नक्की यंत्राचंच काम. पुणेकर म्हणतो, हे त्या जपानी यंत्राचं खरं वैभव. मी ते वाचलं आणि उठून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि मग केदारखेड्याच्या बाजूचा एक पोरगा आला. पोरगा म्हणजे पंचविशीचा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, 'तुमचे जपानी-इटालियन राहू द्या. मी आवाज काढला. अर्थिंग सोडलं की घुमारा येतो. हाताला मुंग्या येऊन राह्यल्या म्हणजे रस्ता बराबर हाय. आता फक्त शेवटचा उतार राहिला. फोटोत सर पाटावर पाय ठेवून दिसतात, पण यात्रेत अनवाणी होते असं जुने लोक सांगतात. म्हणून अनवाणी बसून बघणार.' खाली वीस जणांनी शाबासकी दिली होती. मी खोटं नाव घेऊन लिहिलं, बाबा, असं करू नकोस, यात जीव जातो. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'घाबरवू नका, मॅडम. सर तर हार्टनं गेले. अर्थिंग बराबर होतं, वायरमननं बघितल्तं. सगळ्या तालुक्याला माहीत हाय.'

माझंच खोटं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं, सर. तालुक्याला माहीत आहे, कारण मी सांगितलं. तो पोरगा माझ्या शब्दावर विसंबून चप्पल काढायला निघाला होता, तुमच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं त्याच्या गावी, दुकान विचारत गेले. त्याच्या आईनं चहा केला. फोटोतला कोपर माझा आहे हे कळल्यावर तो पाया पडला, मला त्याला आवरता आवरेना. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, खाली फरशी, आईनं नुकतीच पुसलेली. पेटी त्यानं हुबेहूब केली होती. पत्र्याची कडसुद्धा ठोकून गोल वळवलेली, इटालियन यंत्रासारखी. मी पिशवीतून टेस्टर काढून काठाला लावला. दिवा लागला. भिंतीवरचं बटण माझ्या उजव्या हाताला होतं, त्यावर मी हात ठेवला आणि म्हटलं, "मला काही सांगायचंय." तो म्हणाला, "मावशी, आधी ऐका तर! एकदाच. चप्पल हाय पायात, बघा." आणि त्यानं सुरू केलं.

गाणं संपत आलं तेव्हा मी बटण बंद केलं. त्याचा डावा तळवा पत्र्यापासून चार बोटांवर होता. मग त्याला बसवून सगळं सांगितलं, तुम्हाला वर लिहिलंय तसं, स्क्रूच्या चार आट्यांसकट. त्यानं दोन्ही हात पत्र्यापासून मागे घेतले. मग म्हणाला, "म्हणजे मावशी, मी सरांचं मरण वाजवाय शिकून राह्यल्तो?" मी म्हटलं, हो. त्यानं स्वतः उठून तार जोडली. आम्ही दोघांनी अंगणात खड्डा खणला. आईनं घागर आणून ओतली आणि हसत म्हणाली, काय लावून राह्यले रे? आम्ही दोघंही हसलो नाही. टेस्टर मी त्यालाच दिला. म्हटलं, मी किंवा कुणीही सांगितलं तरी ऐकू नकोस, आधी हे लाव.

त्यानं परवा ते सगळं इंटरनेटवर लिहिलं, माझं नाव न घेता. मला वाटलं, आता तरी भांडण मिटेल. पुणेकरानं लिहिलं, 'गोष्ट छान रचलीय, पण यंत्र जपानीच होतं.' औरंगाबादवाल्यानं मामाची शपथ घेतली. आणि जर्मनीवाल्यानं, सगळ्यात शिकलेल्यानं, विचारलंय, 'पेटीमागचा तो स्क्रू नेमका कुठे होता? किती आटे सैल करायचे?' खाली आणखी दोघांनी विचारलंय की हे कळलं तर आम्हीही करून बघू. मी दिवसातून चार वेळा बघते. अजून कुणी काही वाजवून तिथं टाकलेलं नाही. 

हे पत्र खरं तर काकूंना जायला हवं. त्या आहेत अजून, पत्ता तोच, ओसरीत तशाच बसलेल्या असतात, मी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, तूच तेवढी त्यांची आठवण ठेवलीस. पाकीट आणलं, त्यावर त्यांचं नाव लिहिलं. पण मी ते पोस्टात टाकणार नाही, मला माहीत आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते, तुम्ही काही कुणाला सांगायला जाणार नाही.

आणि त्या पोराला सांगितली नाही अशी एक गोष्ट राहिली. दिवा गाणं सुरू व्हायच्या आधीच लागला होता. बटणावर माझा हात पहिल्यापासून होता. शेवटचं कडवं सुरू होतानाच त्यानं चप्पल काढली, दोन्ही पाय त्या ओल्या फरशीवर ठेवले, मी बघितलं. सर, तो घुमारा अगदी तसाच होता. अजून तीन ओळी बाकी होत्या, आणि त्या मी ऐकल्या.